रंगाला विचारलेले तीन प्रश्न



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला संगणकातल्या रंगांचं काय पडलंय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका घरगुती प्रसंगात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आमचा नातू प्रोग्रामिंगचं काम करतो. आमच्या जुन्या व्याख्यानांची टिपणं त्याने हौसेने एका वेबपानावर लावून दिली. विषयवार सहा गट केले आणि प्रत्येक गटाच्या मथळ्यांना एकेक रंग दिला. साहित्य लाल, इतिहास पिवळा, विज्ञान हिरवं, संगीत आकाशी, तत्त्वज्ञान निळं आणि अर्थशास्त्र राणी. मागचं पान पांढरंशुभ्र. आम्ही उभयता चष्मे पुसून संगणकासमोर बसलो. तत्त्वज्ञान झोकात दिसत होतं. इतिहास मात्र गायब.

"अरे, इतिहासाची यादी लावायची राहिली का?"

"आहे ना आजोबा! ही काय, पिवळी."

नाक पडद्याला टेकेपर्यंत पुढे वाकलो, तेव्हा काहीतरी असल्याचा भास झाला. "फार फिकं झालंय रे हे."

"फिकं कसं होईल? सहाही रंगांचं सॅच्युरेशन शंभर आहे, लाइटनेस पन्नास आहे. फक्त ह्यू बदललाय, साठ-साठ अंशांनी. बघा ना, आकडे अगदी सारखे आहेत."

आकडे खरोखरच सारखे होते. प्रोग्रामच्या बाजूने पाहिलं तर त्याचं काही चुकलेलं नव्हतं, आणि आमचे डोळेही खोटं सांगत नव्हते. मग तो 'पन्नास' नेमकं काय मोजत होता? त्याला 'लाइटनेस', म्हणजे उजळपणा, हे नाव कुणी आणि का दिलं? आज आपल्याला या एका आकड्याचा इतिहास पाहायचा आहे.

आधी हे तीन शब्द समजून घेऊ. त्यासाठी संगणकाकडे जायची गरज नाही, साडीच्या दुकानात गेलं तरी पुरे. गिऱ्हाईक म्हणतं, "हिरवी नको, निळी दाखवा." हा झाला पहिला प्रश्न: रंग कोणता? याला म्हणायचं ह्यू. मग म्हणतं, "हा फार भडक आहे हो, जरा मवाळ नाही का?" हा दुसरा: रंग किती निर्भेळ आहे आणि त्यात करडेपणा किती मिसळलाय? हे सॅच्युरेशन, आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला संपृक्तता म्हणतात. आणि शेवटी, "ह्यातच थोडी उजळ नाही का?" हा तिसरा, लाइटनेस. दुकानदाराने भौतिकशास्त्र शिकलेलं नसतं, पण तीन वेगवेगळ्या दिशांना त्याचा हात बरोबर जातो. म्हणजे हे प्रश्न माणसाच्या डोळ्याला आणि जिभेला आधीपासून ठाऊक आहेत.

संगणकाचा पडदा मात्र ही भाषा बोलत नाही. त्याच्या प्रत्येक ठिपक्यात तीन बारीक दिवे: लाल, हिरवा, निळा. प्रत्येकाला ० ते २५५ यांमधला एक आकडा द्यायचा. अशा १,६७,७७,२१६ जोड्या होतात. तुम्ही म्हणालात, "हा रंग आहे तसाच ठेवून थोडा मवाळ कर," तर तीनही आकडे एकदम बदलावे लागतात, आणि कुठला किती, हे मनात धरून सांगता येत नाही. म्हणून प्रोग्रामिंगमध्ये एचएसएल ही पद्धत आली: ह्यू, सॅच्युरेशन, लाइटनेस. पडद्याच्या तीन दिव्यांचं माणसाच्या तीन प्रश्नांत केलेलं भाषांतर. आणि भाषांतरात काय हरवतं, हे तर आपल्या मराठी वाचकांना वेगळं सांगायला नको.

या कहाणीत दोन धागे आहेत. एक धागा दिव्यांचा, दुसरा प्रश्नांचा. दोन्ही न्यूटनपासून निघतात.

न्यूटनने लोलकातून सूर्यप्रकाश नेऊन त्याचा पट्टा केला, हे आपण शाळेत शिकलो. १६७२ मध्ये त्याचा याविषयीचा निबंध रॉयल सोसायटीने छापला. पण आपल्या कामाची गोष्ट १७०४ सालच्या त्याच्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात आहे. तिथे त्याने तो सरळ पट्टा वाकवला आणि त्याची दोन टोकं जोडून वर्तुळ केलं. ही फार मोठी उडी होती. निसर्गात लाल आणि जांभळ्या किरणांची टोकं एकमेकांना भेटत नाहीत, पण आपल्या डोळ्याला मात्र ते रंग शेजारी वाटतात. म्हणजे वर्तुळ आहे ते आपल्या पाहण्यात. एचएसएलमध्ये आज आपण ह्यू अंशांत मोजतो, ० ला लाल, १२० ला हिरवा, २४० ला निळा, आणि ३६० ला पुन्हा लाल. ते अंश या वर्तुळाचे वारस आहेत.

न्यूटनने आणखी एक केलं. वर्तुळाच्या मध्यभागी त्याने पांढरा ठेवला. कडेला रंग पूर्ण भरलेला, मध्याकडे सरकत जाल तसा विरळ. हा झाला संपृक्ततेचा प्रश्न. तिसऱ्या प्रश्नाला, उजळपणाला, त्या सपाट वर्तुळात जागाच नव्हती. शिवाय न्यूटनने एक इशारा देऊन ठेवला होता, की किरणांना स्वतःचा रंग नसतो. आपल्यात विशिष्ट रंगाची जाणीव जागी करण्याची शक्ती तेवढी असते.

तत्त्वज्ञानाच्या माणसाचे कान इथे टवकारतात. रंग वस्तूत की पाहणाऱ्यात? आपल्याकडे वैशेषिकांनी 'रूप' हा द्रव्याचा गुण मानला, फक्त डोळ्यांनी कळणारा. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त रूपाचे सात प्रकार दिले आहेत: शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र. शुक्लातही एक भेद केलाय. पाण्याचं शुक्ल अभास्वर, तेजाचं शुक्ल भास्वर. म्हणजे स्वतः झळकणारं पांढरं वेगळं आणि न झळकणारं वेगळं. उजळपणा हा 'कोणता रंग' यापेक्षा निराळा प्रश्न आहे, याची चाहूल या भेदात आम्हाला दिसते. ते लोक रंगमापन करत होते असा दावा मात्र कृपया कुणी करू नये. त्यांचा प्रश्न निराळा होता.

पुढे, रंगाला आकड्यांत लिहिण्याचा एक धीट प्रयत्न १७५८ मध्ये ग्योटिंगेनला झाला. टोबियास मायर हा खगोलशास्त्रज्ञ. त्याने लाल, पिवळा, निळा हे तीन मूळ रंग धरले, एकूण बारा भाग त्यांच्यात वाटले, आणि त्रिकोणात ९१ रंग मांडले. अमुक भाग लाल, अमुक भाग पिवळा, असं सूत्रच लिहायचं. आजचा प्रोग्रामर करतो तेच. वर पांढऱ्याकडे आणि खाली काळ्याकडे जाणारे थर त्याने कल्पिले. हे काम छापलं गेलं १७७५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

आणि मग १८१० साली फिलिप ओटो रुंगे या जर्मन चित्रकाराने रंगांचा गोल रचला. पृथ्वीचा गोल डोळ्यांसमोर आणा. उत्तर ध्रुवावर पांढरा, दक्षिण ध्रुवावर काळा, विषुववृत्तावर सगळे शुद्ध रंग, आणि पोटात करडा. न्यूटनच्या वर्तुळाला उंची मिळाली, तीनही प्रश्नांना जागा झाली. त्याच वर्षाअखेर रुंगे गेला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी.

इथे थोडं थांबू, कारण आमच्या इतिहासाच्या यादीचा घोटाळा इथेच पेरला गेलाय. रुंगेने सगळे शुद्ध रंग एकाच विषुववृत्तावर, एकाच उंचीवर ठेवले. पिवळाही तिथेच, निळाही तिथेच. त्याच्या दृष्टीने यात तर्क होता. पिवळ्यात पांढरा घालत गेलात की वर जाल, काळा घालत गेलात की खाली. म्हणून शुद्ध पिवळा बरोबर मध्यावर. निळ्याचंही तसंच. ही मिश्रणाची मांडणी झाली. पण घरातली हळद आणि नीळ शेजारी ठेवून बघा. दोन्ही शुद्ध, पण सारख्या उजळ? लहान मूलही नाही म्हणेल.

आता दुसरा धागा. १८०२ च्या सुमारास थॉमस यंगने सुचवलं, की डोळ्यात तीन प्रकारची ग्रहणं असावीत. १८६१ मध्ये मॅक्सवेलने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांतून काढलेली तीन छायाचित्रं पडद्यावर एकावर एक टाकून एका रंगीत फितीचं चित्र दाखवलं. आपला आजचा पडदा याच घराण्यातला.

हे दोन धागे जिथे एकमेकांना भेटतात तिथे हेर्मान ग्रासमान उभा आहे. हे नाव संस्कृतच्या अभ्यासकांना वेगळ्या कारणासाठी ठाऊक असेल. ऋग्वेदाचा त्याने केलेला कोश १८७३ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाला, पाठोपाठ ऋग्वेदाचा जर्मन अनुवादही आला. हा माणूस स्टेटिन गावातला शाळामास्तर. १८४४ मध्ये त्याने गणितावर एक ग्रंथ लिहिला, ज्यातून पुढे रेषीय बीजगणिताचा पाया दिसला; पण त्या वेळी तो फारसा कुणी वाचला नाही. १८५३ मध्ये त्याने रंगांच्या मिश्रणावर निबंध लिहिला. त्याचं निमित्त होतं हेल्महोल्ट्झ. एकत्र येऊन पांढरा देणारी शुद्ध रंगांची जोडी हेल्महोल्ट्झला तोवर एकच सापडली होती. ग्रासमानने तर्काने दाखवलं की प्रत्येक रंगाला असा जोडीदार असलाच पाहिजे. हेल्महोल्ट्झने पुन्हा प्रयोग केले, आणि आणखी जोड्या मिळाल्या.

त्या निबंधाच्या सुरुवातीलाच ग्रासमान म्हणतो, की रंगाच्या कोणत्याही जाणिवेची तीन मोजण्याजोग्या घटकांत फोड करता येते: रंगाची जात, त्या रंगाची तीव्रता, आणि त्यात मिसळलेल्या पांढऱ्याची तीव्रता. तीन प्रश्न आणि तीन आकडे, दोन्ही एकाच ठिकाणी. रंग आता भूमितीत बसू लागला.

मात्र भूमितीत बसला म्हणजे डोळ्याला पटला असं होत नाही, हे ज्याने चिकाटीने दाखवलं तो माणूस पुन्हा चित्रकार. आल्बर्ट मन्सेल, बॉस्टनमधला कलाशिक्षक. विद्यार्थ्यांना रंग शिकवताना नावांचा गोंधळ त्याला छळत असे. सुरुवातीला त्यालाही गोलाचंच आकर्षण होतं. १९०० साली त्याने रंगगोलाचं पेटंटही घेतलं. मग तो मोजू लागला. कागदाचे रंगवलेले तुकडे शेजारी ठेवून, उपकरण वापरून, डोळ्याला समान अंतराच्या वाटतील अशा पायऱ्या तो ठरवत गेला. १९०५ मध्ये त्याचं 'अ कलर नोटेशन' हे पुस्तक आलं, १९१५ मध्ये रंगपत्रांचा ॲटलास. त्याचे तीन शब्द: ह्यू, व्हॅल्यू आणि क्रोमा.

मोजता मोजता गोल मोडला. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दहा पायऱ्या धरल्या तर पिवळ्याचा सर्वांत भरदार नमुना आठव्या पायरीच्या आसपास सापडतो. जांभळट निळ्याचा तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या आसपास. म्हणजे पिवळ्याची फांदी झाडाच्या शेंड्याकडे, निळ्याची बुंध्याकडे. कुठली फांदी लांब, कुठली आखूड. मन्सेलच्या रंगांचं झाड वेडंवाकडं आहे, कारण आपला डोळाच तसा आहे. रुंगेचं सुरेख विषुववृत्त या मोजणीत टिकलं नाही.

हे ज्ञान पुढे विसरलं गेलं असं समजू नका. १९३१ मध्ये प्रकाशाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 'प्रमाण निरीक्षक' ठरवला. इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड यांनी मिळून सतरा माणसांच्या डोळ्यांवर घेतलेल्या प्रयोगांवर तो उभा होता. सतरा माणसांवरून साऱ्या मानवजातीचा डोळा! पण निदान हिशेबात डोळा होता.

दूरदर्शनचे अभियंतेही डोळ्याला विसरले नाहीत, आणि त्यांचं कारण रोकडं होतं. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत प्रसारणाचं मानक ठरलं तेव्हा घरोघरी कृष्णधवल संच होते. त्या संचांवरही चित्र नीट दिसलं पाहिजे, ही अट. म्हणून संदेशाचे दोन भाग केले: एक निव्वळ उजेडाचा, दुसरा रंगाचा. उजेड काढायचा कसा? लाल ३० टक्के, हिरवा ५९ टक्के, निळा ११ टक्के. हिरव्याला सर्वांत जास्त वजन आणि निळ्याला सर्वांत कमी, कारण डोळा तसं मोजतो. या हिशेबाने पिवळा, म्हणजे लाल अधिक हिरवा, झाला ८९. आणि निळा ११. आपल्याकडे १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी, रंगीत प्रसारण आलं. तोपर्यंत क्रिकेटच्या मैदानाचं हिरवेपण आपण करड्या रंगात पाहत होतो, आणि तरी सगळं कळत होतं. तो उजेडाच्या भागाचा पराक्रम.

आता येऊ संगणकाकडे. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीचं पालो आल्टो इथलं संशोधन केंद्र. तिथे रिचर्ड शूपने 'सुपरपेंट' नावाची यंत्रणा उभी केली. १९७३ च्या एप्रिलमध्ये तिच्यावर पहिलं चित्र उमटलं. पडद्यावर हाताने रंगवता येणारी ही अगदी सुरुवातीची यंत्रणा. एका वेळी २५६ रंग. १९७४ मध्ये तिथे ॲल्वी रे स्मिथ आला. तोच पुढे पिक्सारचा सहसंस्थापक झाला. तो गणितज्ञ होता आणि चित्रंही काढत असे. त्याची अडचण साडीच्या गिऱ्हाइकाची होती. चित्रकार म्हणतो, यात जरा पांढरा मिसळ, जरा काळा मिसळ. यंत्र विचारतं, लाल किती, हिरवा किती, निळा किती?

स्मिथने काढलेला मार्ग डोळ्यांसमोर आणता येतो. एक ठोकळा घ्या. एक कोपरा काळा, त्याच्या थेट समोरचा पांढरा. उरलेले सहा कोपरे: लाल, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, राणी. आता ठोकळा काळ्या कोपऱ्यावर उभा करा आणि वरून, पांढऱ्या कोपऱ्याकडून बघा. काय दिसतं? सहा बाजूंची आकृती, षटकोन! आणि त्याच्या कोपऱ्यांवर रंग न्यूटनच्याच क्रमाने. यंत्राच्या ठोकळ्यात रंगचक्र लपलेलंच होतं. फक्त ठोकळा तिरका करून पाहायचा होता. आम्हाला हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी घरातला साखरेचा चौकोनी खडा हातात धरून बराच वेळ बसलो होतो.

१९७८ च्या ऑगस्टमध्ये सिग्राफ परिषदेच्या अंकात स्मिथचा निबंध छापला गेला. त्याची पद्धत एचएसव्ही. त्याच अंकात कॉर्नेल विद्यापीठाच्या जॉर्ज जॉब्लव्ह आणि डोनाल्ड ग्रीनबर्ग यांचाही निबंध होता. आज आपण जिला एचएसएल म्हणतो ती मांडणी त्यात होती. फरक तिसऱ्या आकड्याचा. स्मिथने तिघांतला सर्वांत मोठा आकडा घेतला, त्यामुळे पांढरा आणि शुद्ध रंग एकाच पातळीवर आले. एचएसएलमध्ये सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांची सरासरी घेतात, त्यामुळे शुद्ध रंग मध्यावर राहतात, पांढरा वर, काळा खाली.

एक उदाहरण करून बघू. लाल २०४, हिरवा १५३, निळा ५१. एक मातकट हळदी रंग. २५५ ने भागलं की ०.८, ०.६, ०.२. मोठा ०.८, लहान ०.२, सरासरी ०.५, म्हणजे लाइटनेस ५० टक्के. दोघांतलं अंतर ०.६, या पातळीवर जास्तीत जास्त अंतर १ असू शकतं, म्हणून संपृक्तता ६० टक्के. मधला हिरवा, तो निळ्याच्या ०.४ ने वर, म्हणजे ०.६ मधली दोन-तृतीयांश वाट. साठ अंशांचे दोन-तृतीयांश, म्हणजे ह्यू ४० अंश. झालं. बेरीज, वजाबाकी, भागाकार. वर्गमूळ नको, कोष्टक नको. त्या काळच्या मंद यंत्रांवर, हात फिरेल तसा रंग बदलायचा होता. हा स्वस्तपणा ही गरज होती.

पण लक्षात आलं का तुमच्या? 'लाइटनेस' काढताना आपण मोठा आणि लहान आकडा पाहिला. तो आकडा लालचा होता, हिरव्याचा की निळ्याचा, हे विचारलंच नाही. ३०, ५९, ११ ही वजनं कुठेच आली नाहीत. डोळा हिशेबातून गेला, आणि डोळ्याच्या अनुभवाचं नाव मात्र आकड्यावर राहिलं. शुद्ध पिवळा: मोठा १, लहान ०, सरासरी ५०. शुद्ध निळा: मोठा १, लहान ०, सरासरी ५०. रुंगेचं विषुववृत्त पुन्हा प्रकटलं, मन्सेलने मोडून दाखवल्यानंतर सत्तरेक वर्षांनी.

यात कुणाला दोष द्यायचा नाही. स्मिथला चित्रकाराची मिश्रणाची रीत यंत्रात आणायची होती, आणि ती त्याने आणली. गोष्ट बिघडली ती पुढच्या प्रवासात. पद्धत एका हातातून दुसऱ्या हातात गेली, चित्रं काढण्याच्या प्रोग्रामांत शिरली, मग २०११ मध्ये वेबपानांच्या रंगांच्या अधिकृत मानकात आली. प्रत्येक टप्प्यावर सूत्र पुढे गेलं, ते कशासाठी केलं होतं ही आठवण मागे राहिली. नव्या मुलाच्या हातात आला तो फक्त शब्द, लाइटनेस. आणि शब्दावर विश्वास ठेवणं ही माणसाची जुनी सवय आहे.

आता आमच्या पानाचा हिशेब. आजच्या पडद्यांसाठी वजनं थोडी बदलली आहेत: लाल २१.२६, हिरवा ७१.५२, निळा ७.२२ टक्के. पांढरा १०० धरला तर पिवळ्याचा प्रकाश जवळपास ९३ आणि निळ्याचा ७. तेरापट फरक, आणि दोघांचा 'लाइटनेस' पन्नास! वेबपानं सर्वांना वाचता यावीत म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी निदान ४.५ ला १ इतका विरोध लागतो. पांढऱ्यावर निळी अक्षरं: ८.६. पिवळी: १.०७. आकाशी: १.२५. हिरवी: १.३७. राणी: ३.१४. लाल: ४.०. सहा विद्यार्थ्यांत एक पास. आणि नातवाचे आकडे म्हणत होते, सहाही जण सारखेच.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: "तरुणांना तर ती पिवळी अक्षरं दिसतात. प्रश्न म्हाताऱ्यांचा आहे का?" थोडासा आहे, आणि म्हणूनच सांगतो. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं. आमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्याचं व्हायचं होतं, त्या मधल्या दिवसांत एक डोळा मिटून पाहावं तर कागद निळसर पांढरा, दुसरा मिटून पाहावं तर जुन्या पोथीसारखा. कागद तोच. जन्मभर ज्या प्रश्नावर वर्गात खडू झिजवला, तो नाकाच्या दोन बाजूंना येऊन बसला. कोणता पांढरा खरा? डॉक्टर म्हणाले, दोन्हींची सवय होईल. पण आमचं म्हणणं असं, की तरुण डोळा ती अक्षरं कष्टाने ओढून घेतो, म्हातारा डोळा सोडून देतो, इतकाच फरक. रेल्वेचं तिकीट, बँकेची सूचना, औषधाची मात्रा, सगळं आता पडद्यावर येतं. तिथे रंग निवडणाऱ्याने 'पन्नास' या आकड्यावर भरवसा ठेवला, तर कुणीतरी औषधाची मात्रा वाचल्याशिवाय गोळी घेणार आहे.

मग एचएसएल टाकून द्यायचं का? नाही. एकाच रंगाच्या पोटात फिरायचं असेल, हाच निळा जरा मवाळ, हाच जरा गडद, तर ते छान काम करतं. वर्तुळ कळायला सोपं, आकडे लक्षात राहणारे. दोन वेगळ्या रंगांची तुलना करायची वेळ आली, की मात्र त्याच्या तिसऱ्या आकड्याला साक्षीला बोलवायचं नाही. त्यासाठी डोळ्याला हिशेबात घेणाऱ्या पद्धती आहेत. आंतरराष्ट्रीय आयोगाची सीआयईलॅब १९७६ ची, म्हणजे सिग्राफच्या त्या अंकाहूनही दोन वर्षं जुनी. तिच्या मापाने शुद्ध पिवळा ९७ आणि शुद्ध निळा ३२. ब्यॉर्न ओट्टोसनने २०२० मध्ये 'ओकेलॅब' मांडली. वेबपानांच्या नव्या मानकात आता तीही आहे. तिथे गंमत अशी होते, की आकडे सरकवताना मध्येच पडदा म्हणतो, इतका भरदार रंग या उजळपणाला माझ्याकडे नाही. नवे प्रोग्रामर वैतागतात. त्यांना मन्सेलच्या झाडाच्या आखूड फांद्या पुन्हा भेटत असतात.

नातवाला आम्ही हे सगळं सांगितलं नाही. त्याला जेवायला उशीर होत होता. एवढंच म्हटलं, "तुझे आकडे बरोबर असतील, पण त्यांना आमच्या डोळ्यांची ओळख नाही." तो पुन्हा बसला. इतिहासाचा आकडा खाली खाली आणत गेला. पन्नासवरून चोवीसवर आला तेव्हा कुठे साडेचारची अट पुरी झाली.

"पण आजोबा, हा आता पिवळा राहिला नाही. मेंदीसारखा झाला."

बरोबर होतं त्याचं. गडद पिवळा नावाची वस्तू डोळ्याला ठाऊकच नाही. पिवळा खाली आणला की तो पिवळेपण सोडतो. तीन प्रश्न सुटे सुटे विचारता येतात, पण त्यांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली असतात. एचएसएलच्या तीन सुट्या आकड्यांत नेमका हा गुंता झाकला गेला आहे.

आता आमच्या पानावर इतिहास मेंदी रंगात आहे आणि आम्हाला तो वाचता येतो. उरलेल्या चार नापासांचं काम चालू आहे.